गावभराचं छप्पर

पनवेल तालुक्यात एका चौरस मीटर जमिनीवर वर्षाला साधारण ३,००० लिटर पाऊस पडतो. दोनशे लिटरची पंधरा पिंपं, आणि ती जवळजवळ सगळी जून ते सप्टेंबरमध्ये भरतात. उरलेलं वर्ष आभाळ कोरडं. मे महिन्यात याच तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्या टँकरची वाट पाहत असतात. अशा गावात एक इमारत उभी करायची आहे. तिच्यात हळद-लग्न व्हायला हवं, हरिनाम सप्ताह व्हायला हवा, ग्रामसभा, मतदान, पोलिओचे डोस, बचत गटाची बैठक, दहावीच्या मुलांची अभ्यासिका, संध्याकाळची कबड्डी. आणि एखाद्या रात्री नदी किंवा डोंगर खवळला तर पन्नास कुटुंबांचा मुक्कामही. खर्च मात्र आमदार निधीत बसला पाहिजे.

इथून जवळच नवी मुंबई विमानतळाचं टर्मिनल आहे. त्याचं कमळासारखं रूप झहा हदीद यांच्या वास्तुसंस्थेनं रेखलं. त्याचं कौतुक जरूर करावं. पण टर्मिनलला काम एकच: माणसं आणि सामान विमानापर्यंत पोचवायचं. गावच्या समाजमंदिराला पंधरा कामं, आणि त्यातली निम्मी एकमेकांच्या विरोधातली. लग्नाला दणका हवा, अभ्यासिकेला शांतता. मतदानाला बंद दार हवं, ग्रामसभेला उघडं. मला तरी हे दुसरं कोडं जास्त अवघड वाटतं. आणि त्याच्या मागे लागलं की ध्वनिशास्त्र, पावसाच्या थेंबाचा वेग, सूर्याची चाल असं काय काय एका छपराखाली गोळा होतं, ते पाहून थक्क व्हायला होतं.

आज जे बांधलं जातं ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. चार भिंती, दोन दारं, सहा सरकत्या खिडक्या, एका टोकाला स्टेज, वर सपाट स्लॅब, दर्शनी बाजूला निधी कुणाचा ते सांगणारी कोनशिला. दोन-तीन पावसाळ्यांत स्लॅब झिरपायला लागतो. मग त्याच्यावर लोखंडी पाइप उभे करून निळ्या पत्र्याची शेड चढते. पनवेलहून पेणकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघा, स्लॅबवर पत्रा नाही असं घर शोधावं लागतं. आणि गंमत अशी, की उन्हाळ्यात बैठक खालच्या सभागृहात न होता या शेडमध्येच भरते. तिथे भिंती नसतात, वारा असतो. लाखो रुपयांच्या हॉलला त्याच्याच डोक्यावरची काही हजारांची शेड हरवते, आणि या हरण्यातच बहुउद्देशीय इमारतीचं सगळं शास्त्र आहे.

आधी माप ठरवू. आपण खाली बसणारी माणसं आहोत, ही वास्तुशास्त्राच्या दृष्टीनं फार मोठी सोय आहे. मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण अर्धा चौरस मीटर पुरतो. खुर्ची ठेवली, चालायला वाट सोडली, की तोच आकडा पाऊण-एक मीटरवर जातो. म्हणजे पंधरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागेत सतरंजीवर तीनशे माणसं बसतात, खुर्च्यांवर जेमतेम पावणेदोनशे. शिवाय सतरंजी पाच मिनिटांत गुंडाळता येते. ज्या समाजाचं फर्निचर गुंडाळून कोनाड्यात ठेवता येतं, त्याला बहुउद्देशीय जागा मुद्दाम शिकवावी लागत नाही. वाड्याच्या ओटीवर दिवसा कचेरी, दुपारी पंगत आणि रात्री पाहुण्यांची अंथरुणं हे आपण कितीतरी पिढ्या करत आलो.

पंधरा बाय दहा हे माप मी हवेतून काढलेलं नाही. कबड्डीचं पुरुषांचं मैदान तेरा बाय दहा मीटर असतं, महिलांचं बारा बाय आठ. पुरुषांचं या जागेत काठोकाठ बसतं, महिलांचं ऐसपैस. रायगड जिल्ह्यात सभागृहाचं माप कबड्डीवरून घेणं मला तर अगदी रास्त वाटतं. खांबांना तेवढ्या गाद्या बांधाव्या लागतील.

आता आवाज. समाजमंदिरात ग्रामसेवक आराखडा वाचून दाखवत असतात आणि मागच्या रांगेतल्या बायकांना फक्त घुमणारा आवाज ऐकू येतो, शब्द एकही नाही. माइक लावला की ते आणखी बिघडतं. दोष माइकचा नाही, ग्रामसेवकांच्या उच्चारांचाही नाही. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात नेमकी हीच तक्रार आली होती. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहा-बारा शब्द त्याच्यावर चढायचे. दुरुस्तीचं काम वॉलेस सेबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकावर आलं. त्याच्याकडे ऑर्गनची एक नळी होती, एक स्टॉपवॉच होतं आणि स्वतःचे कान. रात्री सगळं सामसूम झालं की तो आणि त्याचे मदतनीस शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, एकेक गादी वाढवत आवाज किती वेळ टिकतो ते मोजत, आणि उजाडायच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर नेऊन ठेवत. अशा कितीतरी रात्रींमधून एक सूत्र निघालं, आणि जगभरची सभागृहं आजही त्यावर चालतात: खोलीचं घनफळ घ्या, त्याला ०.१६ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. उत्तर सेकंदात येतं.

शोषण मोजायला एकक हवं होतं. सेबिननं निवडलं ते उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण एक शोषण. बाकी गादी, पडदा, माणूस, भिंत यांची तुलना तिच्याशी.

हे सूत्र आपल्या समाजमंदिराला लावून पाहू. पंधरा बाय दहा, उंची चार मीटर. घनफळ ६०० घनमीटर. भिंती, फरशी आणि स्लॅब मिळून ५०० चौरस मीटर पृष्ठभाग, सगळा सिमेंटचा आणि गुळगुळीत टाइल्सचा, जो आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतो. म्हणजे शोषण पंधरा. रिकाम्या हॉलमध्ये शब्द सहा सेकंदांहून जास्त घुमणार. लग्नाला दोनशे माणसं आली की चित्र पालटतं. कपड्यांतला माणूस ढोबळपणे ०.४ इतकं शोषतो, दोनशे माणसांचं झालं ऐंशी, आणि घुमणं एका सेकंदावर येतं. हॉल छान वाटतो. पण ग्रामसभेला, त्यातही गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला, चाळीस माणसं असतात. त्यांचं शोषण सोळा. शब्द तीन सेकंद घुमतो, आणि भाषण समजायला तो सेकंदाच्या आसपास विरायला हवा.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी कागदाकडे बघतच राहिलो. आपण जे बांधतो ते लग्नाला चालतं आणि ग्रामसभेला नेमकं पडतं. गावाचा सगळ्यांत मोठा निर्णय जिथे शब्दांनी व्हायचा, तिथेच शब्द ऐकू येत नाहीत. आणि पुढे बसलेली चार माणसं ऐकतात, बोलतात, ठराव करतात.

उपाय फुकटचा आहे. दोन्ही लांब बाजूंच्या भिंती काढून टाका. पंधरा मीटर लांब आणि दोन मीटर उंच उघड्या जागा दोन बाजूंना ठेवल्या की साठ चौरस मीटरची उघडी खिडकी झाली. तीच चाळीस माणसं, पण आता शोषण नव्वदच्या घरात, आणि शब्द सेकंदभरात विरतो. देवळाच्या मोकळ्या सभामंडपात कीर्तनकाराला माइकशिवाय निभावता आलं, आगरी लग्नात धवलारणीनं म्हटलेले धवले मांडवभर पोचले, त्यामागे हेच होतं. त्यांना सूत्र ठाऊक नव्हतं. मांडवाला भिंती नव्हत्या एवढंच.

भिंत काढली की पाऊस आत येणार, हे ओघानं आलंच. किती आत येणार, तेही काढता येतं. मध्यम आकाराचा थेंब सेकंदाला साडेसहा-सात मीटर वेगानं खाली येतो. त्याहून वेगानं येऊ शकत नाही, कारण हवाच त्याला अडवते. वारा त्याच वेगानं, म्हणजे ताशी चोवीस-पंचवीस किलोमीटरनं आडवा वाहत असेल, तर थेंब बरोबर ४५ अंशांत तिरका पडतो. आषाढात पनवेलला असा वारा नवलाचा नाही. ४५ अंशांचा अर्थ असा, की वळचण जमिनीपासून जितकी उंच, तितकीच झड आत येते. दोन मीटर उंचीवर छप्पर संपत असेल तर दोन मीटर जमीन भिजणार. तेव्हा तेवढी जागा भिजू द्यायची आणि बसायची जागा त्याच्या पलीकडे सुरू करायची. अडीच मीटरची पडवी म्हणजे हेच गणित. कोकणातल्या जुन्या घरात शिरताना वाकावं लागतं, डोक्याला वळचण लागते, त्याचं कारण नुसती जुन्या लोकांची उंची किंवा नम्रता नव्हे. छप्पर जितकं खाली ओढाल तितकी पडवी कोरडी.

खाली ओढलेलं छप्पर आतमध्ये कोंदट होईल असं वाटतं. तिथे उतार कामाला येतो. तीस अंशांचा उतार धरला तर आत गेल्यावर दर मीटरला छप्पर अठ्ठावन्न सेंटीमीटर वर चढतं. वळचणीला दोन मीटर, पडवी संपते तिथे साडेतीन, आणि आढ्याखाली सहा मीटरच्या वर. गरम हवा वर जाते, आढ्याच्या कोन्यांखाली ठेवलेल्या फटीतून बाहेर पडते, आणि तिची जागा घ्यायला पडवीतून थंड हवा येते. पंखा बंद असतानाही वारा लागतो.

दिशेचंही एक नवल आहे. पनवेल १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेची पडवी चैनीची नाही. खरा त्रास सकाळच्या आणि संध्याकाळच्या कलत्या उन्हाचा, आणि तो अडवायला छप्पर कितीही वाढवलं तरी पुरत नाही, भिंतच लागते. तेव्हा लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, दक्षिण-उत्तर उघडं, आणि आखूड बाजू बंद. पश्चिमेच्या टोकाला स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि मोरी-संडास नेऊन ठेवले की नैर्ऋत्येची झड आणि संध्याकाळचं ऊन दोन्ही त्या खोल्या अंगावर घेतात. आखूड भिंतींनाही सिमेंटचा गिलावाच हवा असं नाही. कातकरी-ठाकर वाड्यांतला शेणामातीनं लिंपलेला कारवीचा कूड आवाज टाइलसारखा परत फेकत नाही. आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून जांभळी होणारी ती कारवी भिंत बनून सभा ऐकते ही कल्पनाच मला आवडते.

छपरावर काय घालायचं, यावर गावात भांडणं होतात. स्लॅबला इभ्रत आहे. पण दुपारभर पिऊन घेतलेलं ऊन तो चार-पाच तासांनी खाली सोडायला लागतो, म्हणजे बरोबर सभा भरते तेव्हा. पत्रा स्वस्त, पण मे महिन्यात साठ अंशांच्या पुढे तापतो आणि जुलैत त्याच्याखाली बोलणं ऐकू येत नाही. मंगलोरी कौलांची गोष्ट वेगळी. १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू इथे बासेल मिशनच्या कारखान्यात ती यंत्रावर निघायला लागली आणि गलबतांतून कोकण किनाऱ्याला पोचली. कौलांच्या फटींतून छप्पर श्वास घेतं. मात्र माकडं आहेत, आणि दरवर्षी वैशाखात कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, हेही खरं. कौलाचा नुसता गहिवर काढणाऱ्यांनी एकदा छपरावर चढून यावं.

पत्र्यावर जगात एक फार सुंदर तोड निघाली. बुर्किना फासो या आफ्रिकी देशातल्या गांदो गावचा मुलगा फ्रान्सिस केरे जर्मनीत वास्तुशास्त्र शिकत असतानाच त्यानं आपल्या गावासाठी शाळा बांधली; ती २००१ साली पूर्ण झाली. खोलीवर मातीच्या विटांचं हवा जाऊ देणारं आढं, आणि त्याच्या बऱ्याच वर, सळयांच्या हलक्या सांगाड्यावर तोललेला पत्रा. पत्रा तापतो, पण तापलेली हवा मधल्या मोकळ्या जागेतून वाहून जाते आणि खोलीतली गरम हवाही वर ओढून घेते. या शाळेला आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ साली केरे यांना प्रित्झकर. आता स्लॅबवरची आपली निळी शेड आठवा. खाली जड आढं, मधे मोकळी हवा, वर पत्रा. रायगडच्या मिस्त्रींनी गळतीला कंटाळून अर्ध्याहून जास्त गांदो आपसूक उभं केलंय. राहिलंय ते एवढंच, की स्लॅबला भोकं नाहीत आणि खालच्या भिंती बंद आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि रायगडातले पत्रे कागदासारखे उडाले. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब ढोबळपणे दर चौरस मीटरला पंचावन्न-साठ किलो येतो, आणि उतरत्या छपरावर तो बऱ्याचदा वरच्या बाजूला ओढतो. पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत पाचेक किलो, कौलांचं चाळीसच्या आसपास. पत्रा का उडतो ते कळलं. कौलंही उडाली, फुटली. पण छप्पर अख्खं निघून जाणं आणि चारशे कौलं फुटणं यात फरक आहे. इथे मघाच्या गणिताला एक खोच बसते: पावसासाठी लांब काढलेली वळचण वादळात सापळा ठरते, वारा तिच्याखाली शिरतो आणि छप्पर उचलतो. म्हणून पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवावं, म्हणजे गेलं तर तेवढंच जाईल. वासे खांबांना आणि खांब पायाला लोखंडी पट्ट्यांनी बांधावेत. आणि छप्पर दुपाखीऐवजी चौपाखी करावं, कारण चारी बाजूंनी उतार असला की वाऱ्याला धडक द्यायला सरळ उभी भिंत सापडत नाही. किनाऱ्यावरची जुनी घरं चौपाखी का असतात, त्याचं एक उत्तर इथे आहे.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की ग्रामीण महाराष्ट्रासाठी एक आदर्श नमुना काढावा आणि छापून जिल्हा परिषदांना वाटावा. नको. फलटण तालुक्यातल्या साखरवाडीत २०१६ साली ‘जेतवन’ नावाचं केंद्र उभं राहिलं. परिसरातल्या बौद्ध समाजासाठी ध्यान, शिक्षण आणि कौशल्य-प्रशिक्षण अशा अनेक कामांची जागा. वास्तुरचना समीप पदोरा यांची, बांधकामाच्या तंत्रासाठी साथ भुजच्या हुन्नरशाळेची. अट अशी होती, की झाडाला धक्का लावायचा नाही. त्यामुळे एका मोठ्या इमारतीऐवजी झाडांच्या मधल्या मोकळ्या जागांत लहान लहान इमारती बसवल्या. भिंती दगडखाणीतल्या टाकाऊ बसाल्टच्या भुकटीत राख मिसळून, ठोकून घट्ट केलेल्या. छपरात जुनं लाकूड, त्यावर उष्णता अडवायला मातीचा थर, आणि वर मोडलेल्या घरांची जुनी कौलं. खाली शेणाची जमीन.

पण पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या छपराचा आकार. ते उलटं आहे. कडा वर उचललेल्या आणि उतार आतल्या बाजूला, त्यामुळे आत बसलेल्या माणसाला कडेनं झाडांचे शेंडे दिसतात, उजेड आणि वारा भरपूर येतो. साखरवाडीला ते शोभतं, कारण फलटणचा पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. हेच छप्पर पनवेलला आणलं तर सहापट पाणी त्या मधल्या पन्हळीत येईल, श्रावणात पानं अडकतील, आणि सभा गुडघाभर पाण्यात भरेल. दोन गावांच्या मधे सह्याद्री आहे, एवढ्यानं छप्पर उलटंसुलटं होतं. साखरवाडीतून उचलायची ती छपराची आकृती नव्हे, झाडं आधी मोजायची आणि खोल्या मागून बसवायच्या ही पद्धत. पनवेल तालुक्यातच, तारा गावी, युसुफ मेहेरअली सेंटरचं काम गेल्या शतकातल्या साठच्या दशकापासून चालू आहे; दवाखाना, शिक्षण, तेलघाणी, साबण असे वेगवेगळे उद्योग एकाच आवारात नांदतात. पंधरा कामं एकाच हॉलमध्ये कोंबायलाच हवीत असं कुणी सांगितलंय?

पाण्याकडे परत येतो. पडव्या आणि खोल्या धरून आपलं छप्पर ३०० चौरस मीटरचं झालं. त्यावर वर्षाला नऊ लाख लिटर पाणी पडणार, म्हणजे दहा हजार लिटरचे नव्वद टँकर. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर पागोळ्यांतून दर दोन सेकंदाला एक बादली या हिशेबानं पाणी उतरतं. सगळं साठवायची गरजही नाही. ओट्याखाली पन्नास हजार लिटरची टाकी बांधली, तर ती १७० मिलिमीटर पावसात भरते. पनवेलला जूनमध्ये दोन-तीन दिवसांचा जोर त्याला पुरे. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्यायचं, सप्टेंबरअखेर टाकी पुन्हा काठोकाठ भरून घ्यायची आणि झाकून ठेवायची. शंभर घरांना रोज पाच लिटर पिण्याचं पाणी धरलं तर ती शंभर दिवस चालते. मार्च, एप्रिल, मे निघून जातात. ज्या छपराखाली टँकरची मागणी करणारा ठराव होतो, त्याच छपराला तो टँकर होता येतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्यांना पहिला आसरा मिळाला तो चौकजवळच्या नढाळच्या पंचायतन मंदिरात; कंटेनरची तात्पुरती घरं त्यानंतर आली. त्या मंदिराच्या आराखड्यात ‘आपत्ती निवारा’ असा शब्द असेल असं मला वाटत नाही. पण मोठं छप्पर असलं की त्याखाली काय काय येतं ते असं. जे मुद्दाम निवारा म्हणून बांधायचं, त्याला आणखी काही लागतं: उंच जोतं, हॉलला कुलूप असलं तरी बाहेरून वापरता येणारे संडास, बायकांना कपडे बदलायला आडोसा, मोठ्या चुली पेटवता येतील असं स्वयंपाकघर, आणि वीज गेल्यावर मोबाइल चार्ज करायला छपरावर सौर पट्ट्या. आणि कोठीची खोली, जी आराखड्यात नेहमी विसरली जाते. ती नसली की खुर्च्या, पातेली, गणपतीचं मखर सगळं स्टेजवर चढतं आणि वर्षभरात स्टेज हेच गोदाम होतं.

कुलपाचाही विचार व्हावा. बंद हॉलची किल्ली कुणाकडे तरी असते, आणि ज्याच्याकडे किल्ली त्याचा हॉल. बचत गटाच्या बायकांनी किल्लीसाठी कुणाच्या दारात किती हेलपाटे घालायचे? मतपेट्या, अंगणवाडीचा शिधा, संगणक यांना दार हवं, तेवढी एक खोली बंद असू द्या. बाकी पडवीला कुलूप लागत नाही.

हे सगळं घाईनं सांगतोय याला कारण आहे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा एकोणतीस गावं एका रात्रीत शहरात आली. त्याआधी २०१३ पासून ‘नैना’ या विमानतळाभोवतीच्या नियोजन क्षेत्राच्या नकाशात तालुक्यातली कितीतरी गावं सिडकोच्या नियोजनाखाली गेली. विमानतळाच्या गाभ्यातली दहा गावं तर घरादारासह, देवळांसह उठून दुसरीकडे वसली. आज भातखाचरांच्या मधे बांधलेल्या सभागृहाच्या चहूबाजूंनी वीस वर्षांनी इमारती असतील, आणि तेव्हा गावकीची म्हणून उरलेली ती बहुधा शेवटची मोकळी जागा असेल. तिच्या भोवतीची दोन गुंठे जमीन आणि चार झाडं कागदोपत्री आत्ताच तिच्या नावावर करून घ्यावीत.

तुमच्या गावात नव्या समाजमंदिराचा ठराव येईल तेव्हा भिंतीवर एक नकाशा लावतील. तो वरून पाहिलेला असेल, आणि वरून पाहिलं की प्रत्येक हॉल चांगलाच दिसतो. तो बाजूला ठेवून इंजिनीअरकडे सेक्शन मागा. इमारत मधोमध उभी कापल्यावर कशी दिसते ते चित्र. त्यावर चार गोष्टी बोट ठेवून विचारा: वळचण जमिनीपासून किती उंच आहे, पडवी किती खोल आहे, आढ्याखालून हवा कुठून बाहेर पडते, आणि छपराचं पाणी कुठे जातं. चारांची उत्तरं मिळेपर्यंत ठरावावर सही करू नका.